सासूबाईंची गाडी : प्राग ते लिव्हरपूल स्ट्रीट

आधी कोण कुठली ते सांगते म्हणजे पुढे गोंधळ नको. मी मूळची कोल्हापूरची, गेली बावीस वर्षं इंग्लंडात, नवरा इंग्रज, लेक चौदाची. सासूबाई गेल्या त्याला आम्ही निघालो तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते, ९१ वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरात सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, मला काही ते जमेना, जीभच वळेना, म्हणून मी आपलं आई म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा अर्थ विचारला, मी सांगितला, तर काहीच न बोलता उठून भांडी विसळायला लागल्या. मला वाटलं चुकलं आपलं. पण नंतर फोनवर स्वतःच "आई बोलतेय" म्हणायच्या, त्यांच्या त्या इंग्रजी उच्चारात.

तर आई जन्माने प्रागच्या, ज्यू. जुलै १९३९ मध्ये, सात वर्षांच्या असताना, एकट्या ट्रेनमध्ये बसून इंग्लंडला आल्या. किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात त्याला, नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ज्यूंविरुद्ध घडवलेल्या दंगलीनंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया इथून साधारण १०,००० मुलं अशी इंग्लंडात आली, बहुतेक ज्यू. कुणी त्यांना होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडातून, वाचलेल्या म्हटलं की चिडायच्या. म्हणायच्या, वाचलेले ते कॅम्पमधून आले ते, मी नुसती गाडीत बसले. एवढंच वाक्य, बास. नवऱ्याला लहानपणी यापलीकडे काही कळलं नव्हतं. तो प्रवास एकदा आपण करू या असं तोच म्हणाला, घर आवरून विकायला काढलं त्या आठवड्यात. विमानाने नाही, जमिनीवरून, त्याच बाजूने.

दिवस पहिला, प्राग

प्रागला जाताना मात्र विमानच. माझा पासपोर्ट अजून भारतीय, त्यामुळे दोघं आरामात आणि माझी शेंगेनची, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाची, कागदपत्रं, बँक स्टेटमेंट, फोटो, अपॉइंटमेंट. लेक म्हणाली मम्मा तू ब्रिटिश का होत नाहीस, मी म्हटलं बघू. हे इथे उगीच नाही लिहीत, पुढे येईल परत.

सामान टाकून सरळ मुख्य स्टेशनवर गेलो, ह्लाव्हनी नाद्राझी. तेव्हा याला अमेरिकेच्या अध्यक्षाच्या नावाने विल्सन स्टेशन म्हणायचे. खालचा भाग आता मॉलसारखा, पण जिने चढून वर गेलं की जुना घुमट लागतो, रंगीत काचा, पुतळे, खाली कॉफीची टेबलं. आणि प्लॅटफॉर्म एकवर निकोलस विंटन यांचा पुतळा, कडेवर एक मूल, शेजारी बॅग घेऊन एक मुलगी. २००९ चा आहे. विंटन लंडनचे शेअर ब्रोकर, १९३८ च्या नाताळात स्कीइंगला जायचं रद्द करून मित्राच्या बोलावण्यावरून इथे आले आणि बाहेर काढायच्या मुलांची यादी करत बसले. मार्च ते ऑगस्ट ३९ मध्ये ६६९ मुलं बाहेर पडली. आई त्यातल्याच एक. कोणी काढलं आपल्याला हे त्यांना १९८८ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमाने ती यादी बाहेर आणली तेव्हा कळलं, म्हणजे पन्नास वर्षांनी.

माझं मत सांगू का, पुतळा चांगला आहे पण एकट्याचा नको होता. विंटन स्वतः प्रागमध्ये जेमतेम तीनेक आठवडे होते, तेच सांगायचे. मागे राहून जर्मन आल्यावरही गाड्या सोडणारे ट्रेव्हर चॅडविक होते, निर्वासितांचं काम आधीपासून सांभाळणाऱ्या डोरीन वॉरिनर होत्या. आणि दुसरी गोष्ट जी पुतळ्यात दिसत नाही ती म्हणजे व्हिसा फक्त मुलांना होता. आईबापांना नाही. वर प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी भरायची, आणि ती कशासाठी, तर मूल परत जाईल तेव्हाच्या खर्चासाठी! परत कुठे जाणार होती ती.

त्याच स्टेशनात २०१७ मध्ये दुसरं स्मारक बसवलंय, जुन्या डब्याचं दार, काचेवर हातांचे ठसे, एका बाजूला मुलांचे, दुसऱ्या बाजूला आईवडिलांचे. हे मला जास्त लागलं. लेकीने हात लावून बघितला, तिचा हात मुलांच्या ठशापेक्षा मोठा आणि मोठ्यांच्यापेक्षा लहान.

आई आम्हाला सोडायला कधीही स्टेशनवर किंवा एअरपोर्टवर आल्या नाहीत. घराच्या दारातच टाटा, आणि लगेच दार बंद. लग्नानंतर मला ते फार तुटक वाटायचं, आमच्याकडे अख्खी गल्ली येते सोडायला. एकदा निघताना मी सवयीने "येते" म्हटलं आणि मग त्यांना समजावलं की आमच्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. मग म्हणाल्या, माझी आई पण हेच म्हणाली होती, पुढच्या उन्हाळ्यात येतो आम्ही.

रात्री स्माझेनी सीर, म्हणजे तळलेलं चीज, बटाटे आणि पांढरा सॉस. मी शाकाहारी, ही डिश लक्षात ठेवा.

दिवस दुसरा, अजून प्राग

सकाळी होलेशोव्हिस भागात त्यांचं घर शोधायला. पत्ता पत्रांवर होता. पत्रांचं सांगायचं राहिलंच. आईंकडे बिस्किटांच्या डब्यात त्यांच्या आईची पत्रं होती, सगळी चेकमध्ये, आणि आईंना चेक येत नव्हतं. म्हणजे विसरल्या. सात वर्षांचं मूल, डर्बीशरच्या गावात, आजूबाजूला चेक बोलणारं चिटपाखरू नाही, दोन वर्षांत भाषा गेली. सुरुवातीची पत्रं त्यांनी वाचलेली, नंतरची आली तेव्हा अर्धी कळायची. युद्ध सुरू झाल्यावर तर रेड क्रॉसमार्फत फक्त २५ शब्दांचा निरोप पाठवता यायचा. साठीत आल्यावर एका चेक विद्यार्थिनीकडून सगळी इंग्रजीत करून घेतली. त्यात काय असेल असं आम्हाला वाटायचं, तर लोकरीचे मोजे घालतेस का, दात कुठला पडला, पियानोचा सराव सोडू नकोस, बाई सांगतील ते ऐक. शेवटचा निरोप १९४२ चा, त्यात तेवीसच शब्द आहेत. आई म्हणायच्या दोन शब्द वाया घालवले बघ.

मी लेकीशी मराठीत बोलते की नाही यावर त्या डोळा ठेवून असायच्या ते यामुळेच. मी कंटाळून इंग्रजीत बोलायला लागले की लांबून ओरडायच्या, तुझ्या भाषेत बोल! माझी स्वतःची आई इतकी मागे लागली नाही कधी.

घर सापडलं. पाच मजली, पिवळट, खाली एका व्हिएतनामी कुटुंबाचं किराणा दुकान, प्रागमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर असतात तसं. आई एकदाच परत आल्या होत्या, १९९१ मध्ये सासऱ्यांबरोबर. वर जाऊन बेल वाजवली, एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं आणि बराच वेळ काहीतरी सांगत होत्या, हात धरून, डोळ्यात पाणी. आईंना एक अक्षर कळलं नाही. त्या बाई माफी मागत होत्या का हाकलत होत्या का वेगळंच काही, शेवटपर्यंत कळलं नाही. दोन दिवसांत परत आल्या आणि पुन्हा कधी गेल्या नाहीत.

आम्ही बेल वाजवली नाही. दुकानातल्या मुलाने खालचं दार उघडून दिलं, त्याला काय वाटलं कोण जाणे. जिना दगडी, मधे झिजलेला. लेक मोजत वर गेली, येदेन, द्वा, त्रझी, च्तिर्झी, प्येत, शेस्त. आईंना चेकमधलं हेच तेवढं राहिलं होतं, वीसपर्यंतचे आकडे, कारण जिना चढताना त्या नेहमी मोजायच्या, इंग्लंडातला असला तरी. द्वा म्हणजे आपला द्वि, त्रझी म्हणजे त्रि, मी सांगितल्यावर खूष झाल्या होत्या. नवऱ्याला हे आकडे त्यांनी कधी शिकवले नाहीत, नातीला मात्र तीन वर्षांची असताना शिकवले. असंच असतं म्हणे बऱ्याच घरांत, पोरांना काही सांगत नाहीत, नातवंडांना सांगतात. नवरा पहिल्या मजल्यावरच कठड्याला धरून उभा राहिला.

दुपारी जुन्या ज्यू वस्तीतलं पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. आत काहीच नाही, फक्त भिंती, आणि भिंतींवर छतापर्यंत नावं. बोहेमिया आणि मोरावियातले मारले गेलेले जवळपास ८०,००० लोक, हाताने लिहिलेले, नाव, जन्मतारीख, शेवटची माहीत असलेली तारीख. पन्नासच्या दशकात लिहिली, १९६८ नंतर कम्युनिस्ट सरकारने बंद करून ठेवलं, ओल येऊन नावं गेली, मग नव्वदच्या दशकात परत सगळी लिहून काढली. आईंचं माहेरचं आडनाव ख या उच्चाराने सुरू होतं, स्पेलिंग सी एच. आम्ही अर्धा तास सी मध्ये शोधतोय, सापडेना, मान मोडायची वेळ आली, मग तिथल्या एका बाईंनी सांगितलं की चेक मुळाक्षरांत सीएच हे वेगळं अक्षर आहे आणि ते एचच्या नंतर येतं. मग लेकीला मिळालं. दोघं शेजारी शेजारी, वडील, आई. फोटो काढावा का यावर नवराबायकोत कुजबुज भांडण झालं, शेवटी काढला नाही.

वरच्या मजल्यावर तेरेझीन घेटोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या गावातल्या, मुलांची चित्रं आहेत, फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाच्या चित्रकार बाई तिथे मुलांना शिकवायच्या, त्यांनाही पुढे आउशविट्झच्या मृत्युछावणीत मारलं. फुलपाखरं, घरं, जेवणाचं टेबल. माझी लेक त्या वयात हेच काढायची.

रात्री परत तळलेलं चीज.

दिवस तिसरा, तेरेझीन

आदल्या दिवशी जिथे जिना मोजला तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर बुब्नी स्टेशन. प्रागच्या ज्यू लोकांना १९४१ पासून जवळच्याच प्रदर्शनाच्या शेडमध्ये गोळा करून या स्टेशनवरून पाठवलं, जवळपास ५०,००० माणसं. बाहेर एक रूळ उचलून आभाळाकडे उभा केलाय, बाकी ओसाड. म्हणजे मुलीची गाडी एका स्टेशनवरून आणि आईबापांची तीन वर्षांनी दुसऱ्या स्टेशनवरून, आणि दोन्हीमध्ये ट्रामने किती वेळ, तर वीस मिनिटं.

बसने तेरेझीन तासाभरात. मला वाटलं होतं तारा, मनोरे असं काहीतरी असेल. तर हे एक साधं गाव निघालं, अठराव्या शतकातला किल्ला, सरळ रेषेतले रस्ते, चौकात झाडं, सायकलवर पोरं, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. लोक राहतात तिथे! युद्धाआधी सात हजारांची वस्ती, सप्टेंबर १९४२ मध्ये त्याच घरांत ५८,००० माणसं कोंबलेली. सगळे मिळून ३३,००० च्या वर इथेच मेले, भुकेने, टायफसने, आणि ८८,००० च्या आसपास पुढे पूर्वेला पाठवले. सुरुवातीला रेल्वे गावात यायची नाही, बोहुशोव्हिसला उतरून तीन किलोमीटर सामान घेऊन चालायचं.

एका बराकीत तेव्हाची खोली तशीच लावून ठेवली आहे, तीन मजली फळ्या, त्यावर बॅगा, भांडी, एक शिवणाचं मशीन. मी बघत बसले की घर सोडताना लोकांनी काय काय नेलं. शिवणाचं मशीन, म्हणजे पुढे काम असेल असं वाटलं असणार.

जून १९४४ मध्ये रेड क्रॉसचे लोक पाहणीला आले तेव्हा घरं रंगवली, गुलाब लावले, बँड वाजवला, आणि गर्दी कमी दिसावी म्हणून त्याआधी साडेसात हजार लोकांना आउशविट्झला पाठवून दिलं. पाहणीवाले बघून समाधानाने परत गेले. यावर नवरा पहिल्यांदा जोरात बोलला, काय बोलला ते इथे लिहीत नाही.

आईंचे आईवडील हे सगळं होईपर्यंत नव्हतेच. ऑक्टोबर १९४२, ट्रेब्लिंकाची मृत्युछावणी. त्या शरद ऋतूत इथून तिकडे दहा गाड्या गेल्या, १८,००० माणसं. आईंना हे १९४५ नंतर कळलं, तेरा वर्षांच्या होत्या, पोस्टाने कळलं.

ओहर्झे नदीवर गेलो. क्रिमेटोरियममधली राख कागदी डब्यांत भरून ठेवायचे, १९४४ च्या शेवटी नाझींनी ती हजारो माणसांची राख या नदीत ओतून टाकली. नदी छान आहे, संथ, बदकं. मला अशा वेळी हात जोडायची सवय, जोडले. लेकीने पण जोडले.

जेवायला परत तेच. वेटरने शाकाहारी म्हटल्यावर मासा पण सुचवला.

दिवस चौथा, प्राग ते कोलोन

दिवसभर गाडी. मुलांच्या गाड्या न्युरेंबर्ग, कोलोन करत हॉलंडला जायच्या, आम्ही श्वान्डॉर्फला बदलून न्युरेंबर्ग, तिथून कोलोन, अगदी तेच रूळ असतील असं नाही पण बाजू तीच. आईंना यातलं तीनच गोष्टी आठवायच्या. गळ्यातल्या नंबराच्या पाटीची दोरी टोचत होती. एका सैनिकाने बॅग उघडून सगळे घडी केलेले कपडे विस्कटले आणि त्यांना परत घडी घालता येईना. आणि मोठ्या मुलींपैकी एकीकडे कुणीतरी खिडकीतून दिलेलं तान्हं बाळ होतं, तिने ते रात्रभर धरलं.

आमची गाडी लेट, पुढची चुकली, रात्री साडेअकराला हॉटेल. त्या दिवसाचं एवढंच.

दिवस पाचवा, हॉलंड आणि बोट

हॉलंडची सीमा कधी गेली कळलंच नाही, फोनने मेसेज दिला तेव्हा कळलं. त्या मुलांना मात्र बरोबर कळायचं, तोपर्यंत गप्प बसलेली पोरं एकदम गाणी म्हणायला लागायची, आणि स्टेशनवर डच बायका कोको आणि पांढरा पाव घेऊन उभ्या असायच्या. कितीतरी जणांच्या आठवणीत तो पांढरा पाव आहे, आईंच्या पण होता. केक समजून खाल्ला म्हणायच्या.

रॉटरडॅमहून हुक ऑफ हॉलंडला आता मेट्रो जाते. तिथेही मुलांचा पुतळा आहे, फ्रँक माइस्लर या शिल्पकाराचा, ते स्वतः डान्झिगहून, म्हणजे आताच्या ग्दान्स्कहून, १९३९ मध्ये असेच आलेले. बर्लिन, हॅम्बुर्ग, ग्दान्स्क, इथे आणि लंडनला, वाटेवर त्यांचेच पुतळे. समुद्रावरून वारा इतका होता की उभं राहवेना.

रात्री दहाची बोट. केबिन मस्त, लेकीला बंक बेड मिळाल्याचा आनंद. मला झोप नाही. डेकवर जाऊन बसले. माझी आजी कोल्हापूरची, ती जवळच्या वळिवडेच्या छावणीतल्या पोलिश निर्वासितांच्या गोष्टी सांगायची, फ्रॉक घालून बाजारात येणाऱ्या बायका, १९४३ ते ४८ जवळपास पाच हजार लोक होते तिथे. ते वेगळे, त्यांना रशियनांनी सैबेरियाला नेलेलं, बहुतेक कॅथलिक. पण आईंना मी हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न काय, तर त्यांच्याबरोबर त्यांच्या आया होत्या का? मी म्हटलं हो, बऱ्याच जणांच्या होत्या. मग बरंय, म्हणाल्या.

दिवस सहावा, हार्विच आणि लंडन

पहाटे उतरलो. दोघं पासपोर्ट दाखवून पुढे, मी मागे, माझं स्टेटस, म्हणजे इंग्लंडात राहायची परवानगी, बघायला जरा वेळ लागला, पाचेक मिनिटं असतील, ऑफिसर हसून बोलत होती. पण काचेपलीकडे नवरा आणि लेक उभे आणि मी अलीकडे, तेवढ्या पाच मिनिटांत प्रागचं ते दाराचं स्मारक आठवलं आणि मला एकदम घाम फुटला. वेडेपणा, पण फुटला.

जुन्या हार्विचच्या धक्क्यावर २०२२ मध्ये स्मारक झालंय, पाच मुलं बोटीच्या फळीवरून खाली येताहेत. आईंना हार्विचचं आठवायचं ते म्हणजे दूध घातलेला चहा. आयुष्यात पहिल्यांदा प्यायल्या आणि तिथेच ओकल्या. नंतर जन्मभर चहा कोरा, लिंबू पिळून. माझा आलं घातलेला चहा मात्र प्यायच्या, हा चहाच नाही त्यामुळे चालतो म्हणून.

तिथून लंडन लिव्हरपूल स्ट्रीट दीड तास. पोरांना इथल्या एका हॉलमध्ये बसवायचे, नाव पुकारलं की उठायचं आणि अनोळखी माणसाबरोबर जायचं. आईंना न्यायला आलेल्या बाईंनी एक चेक वाक्य पाठ करून आणलं होतं पण उच्चार असे की आईंना वाटलं इंग्रजीच आहे. चांगल्या होत्या त्या बाई, सगळ्यांनाच तशा मिळाल्या नाहीत, काहींना फुकटची मोलकरीण म्हणून वागवलं.

माइस्लर यांची मुलं स्टेशनबाहेर चौकात उभी आहेत, बॅगा घेऊन. सकाळची ऑफिसची गर्दी, एक जण चौथऱ्यावर बसून सँडविच खात होता, त्याने नवऱ्याला बघून जागा करून दिली. हा बसला. दहा मिनिटं बसला असेल. आतून अनाउन्समेंट ऐकू येत होती की बेवारस सामान दिसल्यास उचलून नेण्यात येईल. लेक पुतळ्यांच्या ब्राँझच्या बॅगांकडे बघून म्हणाली, ह्या बऱ्या राहिल्या. सँडविचवाल्याला काही कळलं नाही, आम्ही मराठीत होतो.

मग घरची गाडी दुसऱ्या स्टेशनवरून, म्हणून ट्यूबकडे निघालो. जिन्यावर नवरा पुटपुटायला लागला, येदेन, द्वा, त्रझी, आणि अडकला. लेक चार पायऱ्या पुढे होती, तिने मागे न बघता च्तिर्झी म्हटलं. नंतर सरकता जिना लागला, त्याच्या पायऱ्या कशा मोजायच्या यावर दोघांचं भांडण सुरू झालं ते प्लॅटफॉर्मपर्यंत.